बॅकअपचा ड्राइव्ह पुन्हा पुन्हा का तुटतो?

संगणकाच्या पडद्यावर उजवीकडे खाली एक छोटी सूचना येते: बॅकअपचा ड्राइव्ह बराच काळ जोडलेला नाही, तो पुन्हा जोडा. बाजी कॉलेजचा प्रोजेक्ट टाइप करत असते किंवा धाकट्याचा खेळ चालू असतो. जो बसलेला असेल तो फुलीवर टिचकी मारतो आणि सूचना जाते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येते, पुन्हा जाते. असे चार महिने चालले तरी घरात कुणाला काही जाणवत नाही, कारण संगणक तर नीट चालू असतो. बंद पडलेली असते ती फक्त दुसरी प्रत.

आणि त्या प्रतीत काय असते? शादीचे फोटो तर आहेतच. पण निकाहनामा, सातबारा, मुलांच्या गुणपत्रिका, दादांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा हेही त्यातच असते. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन अशा घरांना या उताऱ्याची किंमत वेगळी सांगायला नको. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आपला बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे काही घरांत त्या काळच्या शिक्क्याचे पिवळे पडलेले कागद आहेत. त्यांची घडी उलगडली तरी तुकडा पडतो. स्कॅन करून ठेवलेली प्रत हाच मग आधार. मूळ कागद लागतोच, पण तो हरवला तर कुठल्या शाळेत, कुठल्या वर्षी, कितव्या क्रमांकावर नोंद शोधायची हे स्कॅनवरूनच कळते.

आता बऱ्याच घरांत आणि शाळांत राउटरला जोडलेली एक डबी दिसते, तिच्यात हार्ड डिस्क असते. घरातले सगळे संगणक तारेने किंवा वाय-फायने तिच्यावर प्रती ठेवतात. हाच नेटवर्क ड्राइव्ह. तो तुटला की दुकानातून पहिला सल्ला येतो, ‘डिस्क गेली, नवी घ्या.’ खरे तर डिस्क चांगली असते आणि संगणकापासून तिच्यापर्यंतचा रस्ता बिघडलेला असतो, असेच बहुतेक वेळा निघते. म्हणून पैसे काढण्याआधी एक साधी परीक्षा करा. घरातल्या दुसऱ्या संगणकावरून, नाहीतर मोबाइलमधल्या त्या ड्राइव्हच्या ॲपमधून तो उघडतो का पाहा. उघडला तर ड्राइव्ह ठीक आहे, दोष पहिल्या संगणकात आहे. कुणालाच दिसत नसेल तर राउटर, तार आणि डबी यांच्याकडे वळा.

पडद्यावरच्या चुकीच्या आकड्यामागे लागण्यापेक्षा ड्राइव्ह केव्हा तुटतो ते वहीत लिहून ठेवावे, असे माझे मत आहे. आठवडाभर तारीख, वेळ आणि त्याआधी काय झाले एवढेच लिहा. पोरांनाही हे काम आवडते.

आपल्याकडे त्या वहीत सर्वात जास्त वेळा ‘लाइट गेली’ हेच सापडेल. वीज जाऊन आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि प्रत्येक यंत्राला नवा पत्ता वाटतो. काल ड्राइव्हचा पत्ता १९२.१६८.१.५ होता, आज तो १९२.१६८.१.९ झाला. संगणक मात्र जुन्याच दारावर टकटक करत बसतो आणि ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असे सांगतो. यावर उपाय राउटरमध्येच आहे. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते. तिथे ड्राइव्हसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा. पाच मिनिटांचे काम आहे, पण बहुतेक ठिकाणी ते केलेलेच नसते.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. वीज जाते आणि इन्व्हर्टर चालू होतो, त्या मधल्या क्षणात दिवा फक्त लुकलुकतो, पण ड्राइव्ह बंद होऊन पुन्हा सुरू होतो. चालू लिखाण असे मधेच तुटत राहिले तर पुढे डिस्कही खरोखर खराब होते. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ लिहिलेला खटका असतो. तो त्या बाजूला केला की बदल अधिक झटपट होतो. नाहीतर राउटर आणि ड्राइव्हसाठी एक छोटा यूपीएस घ्यावा. डिस्क राउटरच्या यूएसबी तोंडात थेट लावली असेल तर आणखी एक कारण संभवते. यूएसबी २ चे तोंड नियमाने ५०० मिलिअँपिअर वीज देते, यूएसबी ३ चे ९००. डिस्कला एवढ्यात भागत नसेल तर ती फिरता फिरता थांबते. अशा वेळी स्वतःचा ॲडॅप्टर असलेली डिस्क बरी. आणि उन्हाळ्यात ही डबी पत्र्याखालच्या बंद कपाटात ठेवू नका. मलकापूर-खामगावचा मे महिना आपल्याला सोसत नाही, तिला कसा सोसेल?

संगणक सुरू करताच ड्राइव्हवर लाल फुली दिसते, पण दोनदा टिचकी मारली की तो उघडतो, असे होत असेल तर घाबरू नका. संगणक अर्ध्या मिनिटात उठतो, ड्राइव्हला दोन-तीन मिनिटे लागतात, एवढेच. बॅकअपची वेळ अर्धा तास पुढे ढकला. थोडा वेळ रिकामा राहिल्यावर तुटत असेल तर वीज वाचवण्याची सेटिंग पाहा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण असते, ती काढा. रात्रीचा बॅकअप लावून संगणक झोपी जात असेल तर त्याचीही झोप लांबवा.

मोठी फाइल जाताना मधेच तुटत असेल तर वाय-फायवर संशय घ्या. दोन भिंती आणि लोखंडी कपाट ओलांडून तासन् तास प्रती पाठवणे त्याला जमत नाही. पहिला मोठा बॅकअप तारेनेच करा. १०० एमबीपीएसच्या तारेवर १०० जीबीला साधारण अडीच तास लागतात. नंतर रोज फक्त बदललेल्या फाइल जातात, तेव्हा वाय-फाय चालेल.

ड्राइव्ह हाताने उघडतो, पण बॅकअपच्या प्रोग्रामला सापडत नाही, हा एक चकवा आहे. आपण ड्राइव्हला ‘झेड’ असे अक्षर दिलेले असते. ते अक्षर ज्या खात्यातून दिले त्यालाच दिसते, आणि प्रोग्राम मागच्या बाजूला वेगळ्या खात्याने चालत असतो. त्याला अक्षर न देता ड्राइव्हचा पूर्ण नेटवर्क पत्ता द्या. पासवर्ड बदलल्यावर तुटला असेल तर विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून जुना पासवर्ड काढून नवा भरा.

विंडोजच्या अपडेटनंतर जुना ड्राइव्ह बंद पडला असेल, तर मात्र सावध व्हा. इथे कुणीतरी ‘एसएमबी १ चालू करा, लगेच लागेल’ असे सांगतो. लागेलही. पण ही फाइल देवाणघेवाणीची जुनी पद्धत ऑक्टोबर २०१७ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये आपोआप बसवणे मायक्रोसॉफ्टने थांबवले. त्याच वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ आणि जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ हे दोन हल्ले या जुन्या पद्धतीतल्या भोकातून पसरले होते. नॉटपेट्या युक्रेनमधून निघाला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले. ते टर्मिनल मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या समूहाचे होते. म्हणून जुना दरवाजा उघडण्याऐवजी ड्राइव्हचेच सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि त्याच्या सेटिंगमध्ये ‘एसएमबी २’ किंवा ‘३’ निवडा. विंडोज ११ च्या २०२४ च्या मोठ्या अपडेटनंतर पासवर्ड नसलेले ड्राइव्हही अनेक संगणक नाकारतात. तिथे ड्राइव्हवर नाव आणि पासवर्ड असलेले खाते तयार करावे.

मर्स्कची पुढची गोष्ट मी नववी-दहावीच्या मुलांना आवर्जून सांगते. कोणत्या कर्मचाऱ्याला कुठल्या संगणकात प्रवेश आहे, ही नोंद कंपनीने जगभरातल्या सुमारे १५० सर्व्हरवर ठेवली होती. ते सर्व्हर सतत एकमेकांशी जुळवून घेत, म्हणून तेच एकमेकांचे बॅकअप असे मानलेले होते. हल्ल्यात ते एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता! तिथली इंटरनेटची तार बारीक, इंग्लंडचा व्हिसा कुणाकडे नाही. अखेर घानाच्या कर्मचाऱ्याने विमानाने नायजेरियाला जाऊन ती हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली, तेव्हा ती लंडनजवळच्या कार्यालयात पोहोचली. कंपनीचे नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

म्हणजे सतत जोडलेला ड्राइव्ह दुरुस्त झाला तरी काम अर्धेच झालेले असते. संगणकात विषाणू शिरला तर जोडलेल्या ड्राइव्हवरच्या प्रतीही तो कुलूपबंद करू शकतो. एक साधी यूएसबी डिस्क घ्या. महिन्यातून एकदा तिच्यावर प्रत काढा, मग ती काढून कपाटात ठेवा. शक्य झाल्यास खालाच्या किंवा मामूंच्या घरी ठेवा, आग किंवा चोरी दोन्ही घरी एकदम होत नाही.

ड्राइव्ह सापडत नसताना विंडोजची ‘फाइल हिस्टरी’ नव्या प्रती काही काळ संगणकाच्याच डिस्कवर साठवते. ती डिस्क गेली तर मूळ आणि प्रत दोन्ही जातात. म्हणून शेवटचा बॅकअप कुठल्या तारखेचा आहे ते पाहायचा एक दिवस ठरवून घ्या, घरात जुम्याची सुट्टी असेल तर जुमाच सोयीचा. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा ‘फॉरमॅट करा’ असे विचारले जात असेल तर काहीही दाबू नका. ड्राइव्ह बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

तारीख ताजी दिसली तरी ड्राइव्हवरून एखादी फाइल परत आणून उघडून पाहा. उर्दूत टाइप केलेले काम असेल तर हे अधिकच गरजेचे आहे. इनपेजमधली फाइल इनपेज असलेल्या संगणकावरच नीट उघडते, आणि पुढे तो संगणक राहील याची खात्री नाही. दादीने सांगितलेला खानदानाचा शिजरा, शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका, मुशायऱ्याची निमंत्रणे अशा प्रत्येक फाइलची पीडीएफही त्याच फोल्डरमध्ये करून ठेवा.