निश्चयाची वाट

आत्मविश्वास हा गुण काही भाग्यवंतांना जन्मतःच लाभतो आणि ज्यांना तो लाभत नाही त्यांनी मागेच राहावयाचे असते, अशी पुष्कळांची समजूत असते. चारचौघांत मोठ्याने बोलणारा, कोठेही न संकोचता पुढे होणारा मुलगा तेवढा आत्मविश्वासाचा, असेही मानले जाते. ही समजूत खरी असती, तर धोंडो केशव कर्वे यांच्या हातून काहीच घडले नसते. कारण स्वभावाने ते फार लाजाळू व भिडस्त होते.

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली या गावी झाला. त्यांचे बालपण मुरुड येथे गेले. घरची गरिबी होती. इयत्ता सहावीची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाल्यास नोकरीचा मार्ग मोकळा होई. पण ती द्यावयाची तर साताऱ्यास जावे लागे. १८७५ साली कर्वे आपल्या सोबत्यांसह पायीच निघाले. पावसापाण्यातून, सह्याद्रीचा घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट त्यांनी तुडवली. परीक्षेस बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. कर्वे यांना सतरा पूर्ण झाली होती. परंतु अंगकाठी एवढी लहान, की परीक्षकांना ते पटेना. त्यांनी परवानगी नाकारली. पुस्तक न उघडता, लेखणी न उचलता हा मुलगा आल्या वाटेने माघारी वळला.

अशा वेळी मनुष्य दोनपैकी एक करतो. दैवाला बोल लावून स्वस्थ बसतो, किंवा आपल्या हाती अद्याप काय उरले आहे ते पाहतो. अभ्यास तर झालेलाच होता. तो कोणी काढून घेतला नव्हता. पुढच्या वर्षी कर्वे पुन्हा परीक्षेस बसले आणि उत्तीर्ण झाले. मॅट्रिक होण्यास मात्र तेविसावे वर्ष उजाडले. मुंबईत शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला आणि १८८४ साली ते बी. ए. झाले. बरोबरीची मुले पुढे गेली म्हणून त्यांनी शिक्षण सोडले नाही, ही गोष्ट त्या पदवीपेक्षाही मोठी म्हणावी लागेल.

आत्मविश्वास येतो तो असा, केलेल्या कामातून. एखादे अवघड गणित एकदा स्वतः सोडवले, की तशाच दुसऱ्या गणिताची भीती निम्मी होते. दुसऱ्याने सोडवून दिलेल्या दहा गणितांनी मात्र ती तसूभरही कमी होत नाही. १८९१ सालापासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणितच शिकवणाऱ्या कर्वे यांना हे निराळे सांगावे लागले नसते.

त्यांची खरी कसोटी पुढेच होती. त्या काळी विधवांचे हाल पाहवत नसत. पुनर्विवाह तर समाजास मुळीच मान्य नव्हता. पहिली पत्नी वारल्यानंतर १८९३ साली कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे, म्हणून ओळखल्या गेल्या. मुरुडकरांनी कर्वे यांच्यावर बहिष्कार घातला. जन्मगावाहूनही प्रिय अशा गावात त्यांना उघडपणे कोणी थारा देईना. त्यांनी कोणाशी भांडण मांडले नाही. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापला आणि १९०० साली पुण्याजवळील हिंगणे येथे त्यासाठी झोपडी उभी राहिली. तेव्हा तेथे धड रस्ताही नव्हता. दिवसभर महाविद्यालयात शिकवून कर्वे हिंगण्यास पायी जात. चिखल असो वा काळोख असो, हा क्रम चुकत नसे. सुटी लागली, की ते गावोगाव फिरून वर्गणी गोळा करीत. भिडस्त माणसाला दुसऱ्याच्या दारी पैसे मागावयास जाणे किती जड वाटत असेल! त्यांचा संकोच एकाएकी नाहीसा झाला नाही. पण आश्रमातील मुलींचे अन्न त्या वर्गणीवर अवलंबून होते, म्हणून ते एकामागून एक दार ठोठावीत राहिले.

१९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापले. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठास पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. परंतु तेथवरचा बराचसा मार्ग लहानलहान वर्गण्यांनीच सरला होता. १९२९ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, कर्वे परदेशप्रवासास निघाले. युरोप, अमेरिका व जपान येथे जाऊन त्यांनी आपल्या कार्याची माहिती देणारी व्याख्याने दिली, आणि तीही इंग्रजीतून.

१९५८ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला, तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. हिंगण्याचा तो माळ आता पुणे शहरात सामावला असून त्या भागास कर्वेनगर म्हणतात. ती जुनी झोपडी तेथे जपून ठेवलेली आहे, आणि तिच्या भोवतीच्या आवारात आजही मुली शिकावयास येतात.