अपक्ष उमेदवार दारी आला तर…



नगरपंचायतीची निवडणूक म्हणजे शहरवाल्यांचा मामला, असे म्हणून आता भागत नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि खेडेपण सोडून शहराकडे झुकणाऱ्या गावांसाठी नगरपंचायतीची सोय झाली. २०१४ नंतर आपल्या राज्यात तालुक्याची बरीच गावे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. त्या हद्दीत आजही ज्वारी पिकते, गोठ्यात जनावरे आहेत. पण ग्रामसभा गेली. पूर्वी सभेत उभे राहून सरपंचाला जाब विचारता येत होता. आता वॉर्डाचा नगरसेवक हाच आपला आवाज. तो निवडताना चूक झाली तर पाच वर्षे गप्प बसावे लागते.

आणखी एक फरक पडला. ग्रामपंचायतीत पॅनेल असतात, पण पक्षाचे चिन्ह नसते. नगरपंचायतीत पक्षांची चिन्हे येतात. अशा वेळी दूध संस्थेचा एखादा सचिव किंवा बचत गटाची एखादी ताई अपक्ष उभी राहते म्हणाली, की लोक लगेच विचारतात, "पैसा कुठून आणणार?" मी सरकारी नोकर, कुणाचा प्रचार करणे मला शोभत नाही आणि परवानगीही नाही. पण हिशेब मांडायला हरकत नाही.

पायांचा हिशेब

नगरपंचायतीत १७ वॉर्ड असतात आणि एका वॉर्डातून एकच सदस्य निवडतात. गावाची वस्ती २०,००० धरा. वॉर्डाला १,२०० च्या आत माणसे येतात. घरात पाच माणसे धरली तर झाली सुमारे २३५ घरे. सकाळ-संध्याकाळ मिळून रोज ४० घरे केली, तर सहा दिवसांत एक फेरी पुरी होते. याला जीप लागत नाही, भोंगा लागत नाही. अपक्षाचे खरे भांडवल हेच.

मात्र ही पायपीट लवकर सुरू व्हावी लागते. पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह लोकांना वर्षानुवर्षे ठाऊक असते. अपक्षाला कपबशी, छत्री, शिट्टी असे एखादे मुक्त चिन्ह मिळते, तेही अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. मतदानाला मग थोडेच दिवस उरतात. म्हणून जाणता अपक्ष पहिली फेरी चिन्हाविना करतो. नाव सांगतो, लोकांची अडचण ऐकतो, वहीत लिहितो. दुसऱ्या फेरीत चिन्ह दाखवतो. म्हाताऱ्या आजीच्या ध्यानात नाव राहत नाही, चित्र राहते.

नगरपरिषदेत हे गणित अवघड होते. २०१६ आणि २०२५ च्या निवडणुकांत तेथे सर्वसाधारणपणे एका प्रभागातून दोन सदस्य निवडायचे होते. प्रभाग मोठा, घरे दुप्पट, आणि एकट्या माणसाचे पाय अपुरे. तेथे दोन जागांसाठी दोन अपक्षांनी जोडी केली तरच निभाव लागतो.

कागद आणि खर्च

उमेदवाराचे वय २१ पूर्ण हवे आणि नाव त्याच गावच्या मतदार यादीत हवे. राखीव जागेसाठी जात पडताळणीचे कागद आधीच हाताशी ठेवावेत. आपल्या राज्यात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, म्हणून घरातल्या ताईंनी हा मजकूर वाचावाच. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. जिंकला असो वा हरला. हिशेब न देणारा पुढे अपात्र ठरू शकतो. पक्षवाल्यांचे हे काम कार्यालयातले माणूस करते. अपक्षाने पहिल्या चहापासूनच्या पावत्या जपाव्यात.

उगवण तपासून घ्या

पेरणीआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. थैलीवरचे चित्र पाहून पेरत नाही. अपक्ष म्हटला म्हणजे स्वच्छच, असेही धरू नका. कुणी मते फोडण्यासाठी उभा केलेला असतो. कुणी अर्ज मागे घेण्याची किंमत वसूल करायला उभा असतो. कधी तगड्या उमेदवाराच्या नावासारखेच नाव असलेला माणूस मुद्दाम उभा करतात. दारी आलेल्याला म्हणून चार प्रश्न विचारा.

पहिला: निवडणूक नसताना तुम्ही या वॉर्डासाठी काय केले? रेशन कार्ड, पाण्याची तोटी, गटार, काहीही चालेल. पण दाखवता आले पाहिजे.

दुसरा: सभागृहात १७ जणांत तुमचे मत एक. ठराव मंजूर व्हायला आणखी माणसे लागतात. ती कशी जमवणार? यावर ज्याने विचार केला नाही, तो नुसता ओरडत राहील.

तिसरा: उद्या पक्षात जाणार काय? अपक्ष म्हणून निवडून आलेला पुढे पक्षात शिरला तर १९८६ च्या महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याप्रमाणे त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. हे त्याला ठाऊक आहे का पाहा.

चौथा प्रश्न शेतकऱ्याचा: आठवडे बाजाराचे काय? बाजार फीची पावती मिळेल का, भाजी मांडायला ओटे, प्यायला पाणी आणि बायकांसाठी मुतारी होईल का, आणि गावचे सांडपाणी ओढ्यात सोडणे थांबेल का? त्या ओढ्याकाठी आपल्या विहिरी आहेत.

ज्यांचे मत त्या गावात नाही, त्यांनीही हा चौथा प्रश्न सोडू नये. माल आपण तेथेच नेतो आणि फी आपणच भरतो. तेथे राहणाऱ्या भावाला, व्याह्याला, लेकीला हा प्रश्न विचारायला सांगा.

उत्तरे पटली तर मत द्या, न पटली तर दुसरा पाहा. यादीत आपले नाव आहे की नाही ते आधीच बघून ठेवा. आणि निवडून आलेल्याचे पत्रक रद्दीत टाकू नका. बियाण्याच्या थैलीवरची चिठ्ठी पीक हाती येईपर्यंत जपतो ना, तसे ते पाच वर्षे जपा आणि दर वर्षी त्याच्यापुढे धरा.