मोड्यूल भरण, मेनफ्रेम संगणकातील

मेनफ्रेम संगणकावरील मोठी आज्ञावली अनेक घटकांची (मोड्यूलांची) बनलेली असते. हे घटक चकतीवरील लायब्रऱ्यांत साठविलेले असतात आणि नावाने मागणी होताच संचालन प्रणाली ते शोधून स्मृतीत आणते. या क्रियेस भरण म्हणतात. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मालिकेपासून सध्याच्या झेड/ओएस प्रणालीपर्यंत ही पद्धत विकसित होत आली आहे. बँका व विमा कंपन्या यांची रात्रीची हिशेबाची कामे तीवर अवलंबून असल्याने तीमधील दोषांचे निदान महत्त्वाचे ठरते.

शोधक्रम : झेड/ओएसमध्ये सर्वसाधारणपणे पुढील क्रमाने शोध होतो : (१) त्याच कामासाठी आधी भरलेली व पुन्हा वापरता येण्याजोगी प्रत, (२) कार्यनियंत्रण भाषेत (जेसीएल) दिलेली स्टेपलिब, ती नसल्यास जॉबलिब, (३) सर्व कामांसाठी स्मृतीत ठेवलेला लिंक पॅक विभाग, (४) लिंक लिस्टमधील लायब्रऱ्या. नाव प्रथम जेथे जुळते तेथेच शोध थांबतो.

दोषनिदान : घटक कोठेच न आढळल्यास काम एस८०६ या संकेताने बंद पडते. नावातील चूक किंवा लायब्ररीचा उल्लेख राहून जाणे ही त्याची नेहमीची कारणे होत. स्टेपलिब दिलेल्या टप्प्यात जॉबलिब पाहिली जात नाही, याचाही पुष्कळदा विसर पडतो. स्मृती अपुरी पडल्यास एस८०ए हा संकेत मिळू शकतो. अधिकृत आज्ञावलीने मागितलेला घटक अधिकृत लायब्ररीत नसल्यास एस३०६ मिळतो. लायब्रऱ्यांच्या साखळीत एकही अनधिकृत लायब्ररी जोडली, तर सर्व साखळीचा अधिकार नष्ट होतो.

कोणताही संकेत न देता जुनी प्रत भरली जाणे हा दोष अधिक घातक असतो, कारण काम पूर्ण होते पण हिशेब चुकतो. चाचणीची लायब्ररी स्टेपलिबमध्ये राहून गेल्यास असे घडते. लिंक लिस्टमधील लायब्रऱ्यांची निर्देशिका स्मृतीत ठेवलेली असल्याने, घटक बदलल्यावर तिचे नूतनीकरण न केल्यास जुनीच प्रत मिळत राहते. कोबोल आज्ञावलीत घटक स्थिर पद्धतीने जोडलेला असल्यास लायब्ररीतील नव्या प्रतीचा तीवर परिणाम होत नाही. आज्ञावली पुन्हा जोडावी लागते. म्हणून घटक सापडला की नाही, याबरोबरच तो कोठून आला, हेही तपासणे आवश्यक असते.

हा प्रश्न केवळ मेनफ्रेमपुरता मर्यादित नाही. पनवेल येथे २०२० मध्ये सुरू झालेल्या योट्टाच्या केंद्रासारख्या विदा केंद्रांतील सर्व्हरांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिनक्स प्रणालीतही सामायिक लायब्रऱ्या ठराविक क्रमानेच शोधल्या जातात व निदानाचे तत्त्व तेच राहते.