पायरी केवढी? संगणकाने व्होल्टेज मोजताना

मागच्या व्याख्यानात आपण सेकंदाला किती वेळा मोजायचं ते बघितलं. आज बघायचंय, एकेक वाचन किती बारीक असतं.

संगणकाला व्होल्टेज कळत नाही, पूर्णांक कळतात. मध्ये बसलेला एडीसी सगळा पट्टा सारख्या पायऱ्यांत कापतो आणि आपण कितव्या पायरीवर आहोत तेवढंच सांगतो. अर्दुइनो उनो घ्या. १० बिट म्हणजे १०२४ पायऱ्या, पट्टा ० ते ५ व्होल्ट. ५ भागिले १०२४, म्हणजे ४.८८ मिलिव्होल्ट. ही त्याची एक पायरी.

आता गंमत बघा. समजा, प्रयोगशाळेत १२ बिटचं महागडं कार्ड आलं, पट्टा उणे १० ते अधिक १० व्होल्ट. २० भागिले ४०९६ करा. किती आलं? ४.८८ मिलिव्होल्ट. तंतोतंत तेवढंच! दोन बिट वाढले, पण पट्टाही चौपट झाला. म्हणून कोणी नुसते बिट सांगितले, की लगेच विचारायचं, पट्टा केवढा?

या पायरीने बिघडतं काय? एलएम३५ हा सेन्सर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे एक पायरी जवळपास अर्ध्या अंशाची. खोलीच्या तापमानाला चालेल. पण के प्रकारचा थर्मोकपल अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. तो थेट जोडलात तर एक पायरी ११९ अंशांची! बर्फापासून उकळत्या पाण्यापर्यंत गेलात, तरी आकडा एकदा बदलला तर बदलला. आधी शंभरपट अॅम्प्लिफायर लावा, मग पायरी १.२ अंशावर येते. डायोडचंही तसंच. आदर्श डायोडमध्ये ४.८८ मिलिव्होल्टच्या एका पायरीत प्रवाह सुमारे २० टक्के बदलतो. वक्र गुळगुळीत का येत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

ही पायरी डोळ्यांनी बघता येते. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४ व्होल्टपर्यंत चार्ज करा, त्याच्या दोन टोकांत १०० किलोओहमचा रोधक लावा आणि दर २० मिलिसेकंदाला कपॅसिटरवरचं व्होल्टेज नोंदवा. सुरुवातीला दोन नोंदींत फरक पडतो जेमतेम ०.८ मिलिव्होल्ट, म्हणजे तोच आकडा पाच-सहा वेळा येणार. आलेख मोठा करून बघा, जिना दिसेल. जिन्याच्या एका पायरीची उंची, तेच तुमचं रेझोल्यूशन.

विद्यार्थी जर्नलमध्ये २.४८५३५२ व्होल्ट असं लिहितात, कारण स्क्रीनवर तसं दिसतं. अहो, पुढचा शक्य आकडाच २.४९०२३४ आहे! मधलं काही मोजलेलंच नाही. ते दशांश सॉफ्टवेअरच्या गुणाकारातून आलेत. २.४९ लिहा, पुरे.

आणि पायरी बारीक म्हणजे वाचन बरोबर, असंही नाही. उनोवर ५ व्होल्टचा संदर्भ बहुधा यूएसबीवरून येतो. लॅपटॉपने ४.८ व्होल्टच दिले आणि प्रोग्रॅममध्ये ५ लिहिले असतील, तर खरे २.४ व्होल्ट २.५ दिसतात. आतला १.१ व्होल्टचा संदर्भ निवडला, तर पायरी १.०७ मिलिव्होल्टची होते. पण ते १.१ चिपनुसार १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतात. एआरईएफ पिनवर चांगल्या मल्टिमीटरने मोजून तोच आकडा प्रोग्रॅममध्ये घाला.

मघाशी मागून प्रश्न आला, की सरासरी घेतली तर पायरी बारीक होते का? होते, पण एका अटीवर. सिग्नलमध्ये निदान पायरीएवढा गोंगाट हवा. मग वाचन शेजारच्या दोन-तीन पायऱ्यांवर उड्या मारतं आणि १६ वाचनांच्या सरासरीत गोंगाट चौपट कमी होतो. सिग्नल अगदी शांत असेल, तर १६ वेळा तोच आकडा येईल. त्याची सरासरी काढून काय मिळणार? तोच आकडा. म्हणून मुद्दाम थोडा गोंगाट मिसळण्याची पद्धतही आहे, तिला डिदरिंग म्हणतात. ते पुढच्या वेळी, फळ्यावर मांडून बघू.