बालाक्लावा ते सेवास्तोपोल : क्रिमियन युद्धातली एक वाट

भांडणाची सुरुवात बेथलेहेमच्या चर्चच्या किल्ल्यांवरून झाली. ख्रिस्ती तीर्थस्थळे तेव्हा ऑटोमन सुलतानाच्या मुलखात होती. कॅथलिक साधूंचा कैवार फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने घेतला होता आणि ऑर्थोडॉक्स साधूंचा रशियाच्या झार पहिल्या निकोलसने. सुलतानाने कॅथलिकांच्या बाजूने कौल दिला, तेव्हा झारने 1853 च्या आरंभी प्रिन्स मेन्शिकोव्हला इस्तंबूलला धाडले. मागणी नुसत्या किल्ल्यांची नव्हती. सुलतानाच्या साऱ्या ऑर्थोडॉक्स प्रजेचे पालकत्व झारला हवे होते. कुठलाही राज्यकर्ता याला मान्यता देणार नाही, सुलतानानेही दिली नाही. जुलैमध्ये रशियन फौजा मोल्डाविया आणि वालाकिया या डॅन्यूबकाठच्या संस्थानांत घुसल्या. ऑक्टोबरात तुर्कस्तानने युद्ध पुकारले. 30 नोव्हेंबरला रशियन ॲडमिरल नाखिमोव्हने सिनोपच्या बंदरात तुर्की आरमार जाळले आणि लंडनच्या वृत्तपत्रांत संतापाची लाट उसळली. मार्च 1854 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सही रणात उतरले.

यानंतर जे घडले ते इतिहासाच्या पुस्तकांत फार घाईने उरकले जाते. ऑस्ट्रियाने डोळे वटारताच रशियाने त्याच उन्हाळ्यात डॅन्यूबकाठची संस्थाने रिकामी केली. ज्या कारणासाठी युद्ध पुकारले, ते कारणच उरले नाही. तह तिथेच करता आला असता. पण वार्ना बंदरातल्या ब्रिटिश-फ्रेंच छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत असतानाच लंडन आणि पॅरिसमध्ये ठरले, की रशियाचे काळ्या समुद्रातले आरमारी ठाणे, म्हणजे क्रिमियातले सेवास्तोपोल, मोडून काढायचे. लाखो माणसांचा बळी घेणारा हा निर्णय होता, आणि तो संरक्षणाचा नव्हता.

14 सप्टेंबर 1854 ला ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानच्या दोस्त फौजा क्रिमियाच्या किनाऱ्यावर उतरल्या. 20 तारखेला आल्मा नदीवर त्यांनी रशियनांना मागे रेटले. तेव्हाच शहरावर चाल करायची, की वळसा घालून दक्षिणेकडून वेढा द्यायचा? सेनापतींनी वळसा निवडला. तेवढ्या अवधीत टोटलेबेन या रशियन अभियंत्याने सैनिक, खलाशी आणि शहरातल्या बायकापोरांना हाताशी धरून मातीचे बुरूज उभे केले. काही दिवसांत आटोपेल असे वाटलेला वेढा जवळपास वर्षभर चालला.

25 ऑक्टोबरची बालाक्लावाची लढाई सगळ्यांना ठाऊक असते ती लाइट ब्रिगेड या ब्रिटिश घोडदळाच्या चढाईमुळे. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लनचा मोघम हुकूम, तो घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनने केलेला हातवारा, लुकन आणि कार्डिगन या एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या, घोडदळाच्या मेहुण्या अधिकाऱ्यांमधले वैर, आणि सुमारे 670 स्वारांची तोफांच्या तोंडावर दौड. सुमारे 110 जण ठार झाले. यावर कविता झाल्या, चित्रे निघाली. पण त्या दिवशीचे मोठे नुकसान वेगळेच होते. टेकड्यांवरच्या मोर्चांबरोबर वोरोन्त्सोव्ह रस्ता ब्रिटिशांच्या हातून गेला. ब्रिटिश रसद उतरणाऱ्या बालाक्लावाच्या बंदराकडून सेवास्तोपोलपुढच्या पठारावरच्या छावण्यांकडे जाताना उपयोगी पडेल असा पक्का रस्ता तोच होता.

उरली ती चिखलाची वाट, साधारण दहा-अकरा किलोमीटरची. 14 नोव्हेंबरच्या वादळात 'प्रिन्स' जहाज हिवाळी कपड्यांसह बुडाले, वैरणही समुद्रात गेली. घोडे उपासमारीने एकमेकांच्या शेपट्या आणि आयाळ कुरतडू लागले, आणि मग रसद वाहून नेणारे जनावरच उरले नाही. रात्रभर खंदकात उभे राहिलेले शिपाई सकाळी गुडघाभर चिखल तुडवत बंदरावर जात आणि आपला शिधा पाठीवर घेऊन येत. कॉफी मिळे ती कच्च्या, हिरव्या दाण्यांची. भाजायला सरपण नाही, दळायला काही नाही. मग तोफगोळ्यांच्या कपच्यांत दाणे कुटायचे. स्कर्व्हीवर उपाय म्हणून पाठवलेला लिंबाचा रस डिसेंबरात बालाक्लावाला पोचला होता, तो शिपायांच्या वाट्याला फेब्रुवारीत आला. बंदरात माल होता, आठ मैलांच्या आत माणसे मरत होती. सैन्याचा पुरवठा पाहणारे खाते लंडनच्या अर्थखात्याच्या ताब्यात होते आणि वाहतुकीची स्वतंत्र व्यवस्था सैन्याकडे नव्हतीच.

'टाइम्स'चे बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल हे सगळे लिहून धाडत होते. जानेवारी 1855 मध्ये संसदेत चौकशीचा ठराव आला, ॲबरडीनचे सरकार कोसळले आणि पामर्स्टन पंतप्रधान झाले. रेल्वे बांधणाऱ्या कंत्राटदारांनी मजूर आणि रूळ जहाजांतून आणले; काही आठवड्यांत बंदरापासून पठारापर्यंत रेल्वेमार्ग तयार झाला. सरकारला न जमलेले काम त्यांनी करून दाखवले. इस्तंबूलजवळच्या स्कुटारीच्या इस्पितळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबरपासून राबत होत्या, तरी मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले ते मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ केल्यावर. पुढे आकडेवारीचा अभ्यास केल्यावर स्वतः नाइटिंगेल यांनीही स्वच्छतेचे हे महत्त्व आयुष्यभर मांडले.

रशियाचे हाल याहून वाईट होते. मॉस्कोच्या दक्षिणेला त्यांची एकही रेल्वे नव्हती. इंग्लंडहून जहाज जितक्या दिवसांत येई, त्याहून अधिक दिवस रशियन तुकड्या आपल्याच देशात चालत असत.

याच दिवसांत एक पाहुणा वेढा पाहायला आला : अजीमुल्ला खान, बिठूरच्या नानासाहेब पेशव्यांचा वकील. दुसऱ्या बाजीरावांच्या मृत्यूनंतर कंपनीने बंद केलेला आठ लाखांचा तनखा मिळावा म्हणून तो लंडनला गेला होता आणि रिकाम्या हाती परतत होता. इस्तंबूलमध्ये रसेल यांची गाठ पडली, तिथून तो क्रिमियात आला. जून 1855 मधला दोस्तांचा हल्ला रशियनांनी नुकताच परतवून लावला होता, आणि इंग्रज-फ्रेंचांना भारी पडणारे हे लोक त्याला पाहायचे होते. इंग्रजी फौज अजिंक्य नाही, हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले. 1857 च्या उठावात तो नानासाहेबांच्या बाजूला उभा होता.

8 सप्टेंबर 1855 ला फ्रेंचांनी सेवास्तोपोलचा मालाकोव्ह बुरूज घेतला आणि रशियनांनी शहराची दक्षिण बाजू सोडली. झार निकोलस मार्चमध्ये वारला होता, लॉर्ड रॅग्लन जूनमध्ये, नाखिमोव्ह जुलैमध्ये. ब्रिटनचे सुमारे एकवीस हजार लोक गेले, त्यातले बहुतेक रोगांनी. फ्रेंचांचे बळी त्याच्या कित्येक पट. दुसऱ्या हिवाळ्यात ब्रिटिश छावणी सावरली असताना टायफसने फ्रेंचांना गाठले. शिवाय युद्धानंतरच्या वर्षांत क्रिमियातले तातार मोठ्या संख्येने घरदार सोडून ऑटोमन मुलखात गेले. त्यांची आठवण विजयाच्या स्मारकांवर कुठे नाही.

30 मार्च 1856 च्या पॅरिस तहाने काळ्या समुद्रात रशियाला युद्धनौका ठेवायला मनाई केली. दोस्तांनी एवढे रक्त सांडून मिळवलेली मुख्य अट हीच होती. 1870 मध्ये फ्रान्स प्रशियाशी लढण्यात गुंतलेला पाहून रशियाने ती झुगारली आणि 1871 च्या लंडन परिषदेत युरोपातल्या सत्तांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. अट पंधरा वर्षेही टिकली नाही.