छापील पानांतील मोकळी जागा

मालेगांवांत मोसम नदीच्या दोन्ही तीरांवर यंत्रमागांची खडखड ऐकूं येते. मागावर ताणलेल्या सुतांवरील ताण सारखा असावा लागतो. कांहीं सुतें सैल व कांहीं घट्ट राहिलीं, तर कापड सुरकुततें. छापील पानाचेंही असेंच आहे. वाचकाची दृष्टि अक्षरांवर असते खरी. पण पान वाचावयास सुखकर होतें तें शब्दांमधील आणि ओळींमधील मोकळ्या जागेमुळें. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं एखाद्या संस्थेचा अहवाल छापून घेतला असेल, त्यांना ही जागा किती छळते याचा अनुभव असेलच.

शिशाच्या खिळ्यांच्या काळीं हें काम जुळाऱ्याच्या बोटांत असे. ओळींत शब्द मावेनासा झाला, कीं तो शब्दांमधील कोरे खिळे पातळ-जाड करून ओळ नेमकी भरी. ती ओळ झाली कीं तिचा विचार संपला. आतां हें काम संगणकाकडे आलें आहे, आणि तें करण्याच्या अनेक रीतींपैकीं 'टेक्' ही विशेष विचारपूर्वक रचलेली आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड कनूथ यांनीं ती १९७७ सालीं रचावयास घेतली. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें पाहून त्यांना इतका विषाद वाटला कीं, ग्रंथलेखन बाजूस ठेवून त्यांनीं जुळणीचेंच शास्त्र हातीं घेतलें. पुढें लेस्ली लँपोर्ट यांनीं या पायावर 'लाटेक्' ही अधिक सुलभ रचना उभारली. येथें पान डोळ्यांसमोर सरकवून मांडावयाचें नसतें. मजकुरांत खुणा करावयाच्या असतात. हा मथळा, ही यादी, हें चित्र, असें लेखकानें सांगावें. तें कोठें व किती अंतरानें बसवावें, हें यंत्रानें ठरवावें, असा हा करार आहे.

हा करार ध्यानीं घेतला नाहीं तर काय होतें? समजा, मालेगांवांतील एका जुन्या शाळेची स्मरणिका निघावयाची आहे. आरंभीं दिवंगत विद्यार्थ्यांची नामावलि, नंतर मराठी लेख, भुईकोट किल्ल्याचें चित्र आणि कांहीं उर्दू लेख. जुळणी एका तरुण शिक्षकानें पत्करली आहे. कांहीं शब्द ओळीबाहेर समासांत घुसतात; तो त्या ओळी हातानें तोडतो. दोन नांवांमध्यें अंतर हवें म्हणून तो पांच कोऱ्या जागा सोडतो. यंत्र त्यांची एकच करतें. मग तो जागोजाग 'येथें बारा पॉइंट अंतर' असें लिहून टाकतो. सायंकाळीं पानें देखणीं दिसतात. दुसऱ्या दिवशीं कळतें कीं, नामावलींतून एक नांव राहून गेलें आहे, आणि त्याच्या घरचीं माणसें तें पाहण्याकरितांच समारंभास येणार आहेत. नांव घालतांच पुढचीं सारीं पानें सरकतात, आणि हातानें दिलेलीं अंतरें भलत्याच ठिकाणीं जाऊन पडतात. छापखान्यांत पानें द्यावयास एक दिवस उरलेला असतो.

दोष कोठें आहे हें समजण्यासाठीं यंत्राची विचारपद्धति पाहावी. त्याच्या दृष्टीनें प्रत्येक अक्षर ही एक पेटी आणि शब्दांमधील जागा ही लवचिक स्प्रिंग होय. कनूथ यांच्या मूळ दहा पॉइंटच्या रोमन अक्षरांत ही जागा सुमारें ३.३३ पॉइंट असते, ती १.६७ पॉइंटांनीं ताणावी आणि फार तर १.११ पॉइंटांनीं आवळावी, असा संकेत आहे. ताण वाढला कीं दोष त्याच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो, म्हणजे ताण दुप्पट तर दोष आठपट. मुख्य गोष्ट अशी कीं, यंत्र एकेका ओळीचा निकाल लावीत नाहीं. सबंध परिच्छेदाचा हिशेब एकदम करतें. कनूथ व मायकेल प्लास यांनीं १९८१ सालीं ही रीति सविस्तर मांडली. सातव्या ओळींतील अडचण कधीं कधीं दुसरी ओळ किंचित् सैल केल्यानें सुटते. हातानें ओळ तोडणारा मनुष्य हा हिशेबच मोडून टाकतो.

मग शब्द समासांत घुसला तर काय करावें? प्रथम, मजकूर मराठी आहे हें यंत्रास सांगितलें आहे कीं नाहीं, तें पाहावें. मराठींत प्रत्यय व शब्दयोगी अव्ययें जोडून शब्द लांब होतात. ते ओळीच्या शेवटीं कोठें तोडावे याचे नियम या पद्धतीस उपलब्ध आहेत. परंतु भाषा सांगितल्याविना ते लागूं होत नाहींत. त्यानेंही भागलें नाहीं, तर आणीबाणीचा थोडा जादा ताण देण्याची सोय आहे. तरीही एखादी ओळ हट्ट धरून बसली, तर लेखकानें एक शब्द बदलावा. हा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला होय.

अनेक कोऱ्या जागांची एक होते, ती लेखकास हस्तलिखितांत मोकळेपणानें लिहितां यावें म्हणून. रिकामी ओळ म्हणजे मात्र नवा परिच्छेद. ती शोभेसाठीं सोडूं नये. अक्षरांनीं लिहिलेल्या खुणेनंतरची जागा यंत्र गिळतें, कारण तें तिला खुणेचा शेवट समजतें. तेथें महिरपी कंसांची रिकामी जोडी घातली कीं जागा टिकते.

देवनागरीची अडचण आणखी एक आहे. आपल्या अक्षरांवर मात्रा, रफार, अनुस्वार. खालीं उकार, ऋकार. दहा पॉइंटच्या अक्षरास बारा पॉइंटांची ओळ हें रोमन मजकुराचें नेहमींचें प्रमाण येथें अपुरें पडूं शकतें. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळूं लागला कीं यंत्र तेवढ्याच दोन ओळी दूर सारतें, आणि पान विषम दिसतें. त्या दोन ओळींशीं झगडूं नये. साऱ्या पुस्तकाचेंच ओळींमधील अंतर आरंभीं एकदां वाढवावें.

पूर्वीं देवनागरीची जुळणी याहून अवघड होती. फ्रान्स वेल्टहाऊस यांच्या १९९१ सालच्या व्यवस्थेंत मजकूर रोमन लिपींत लिहून त्याचें रूपांतर करावें लागे. जोनाथन क्यू यांच्या २००४ सालच्या 'झीटेक्'पासून देवनागरी थेट लिहितां येऊं लागली. उर्दू लेखालाही 'ही उर्दू' अशी खूण केली, कीं उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ त्याच पुस्तकांत नीट बसते.

किल्ल्याच्या चित्राचेंही तसेंच. पानावर उरलेल्या जागेंत तें मावत नसेल, तर मोठें भगदाड पडूं नये म्हणून यंत्र तें पुढें नेतें. लेखांत 'खालील चित्र' असें न लिहितां चित्राचा क्रमांक द्यावा, म्हणजे तें कोठेंही गेलें तरी वाचक चुकत नाहीं.

आतां त्या शिक्षकाकडे वळावें. त्यानें हातानें दिलेलीं सर्व अंतरें काढून टाकावीं, नामावलीस 'ही यादी' एवढीच खूण करावी, आणि दोन नांवांमधील अंतर आरंभींच्या सूचनांत एकदांच लिहावें. मग राहिलेलें नांव योग्य जागीं घालावें. पुढचीं पानें सरकतील, पण एकही ओळ मोडणार नाहीं. शेजारचीं नांवें थोडीं सरकून त्या नांवास जागा करून देतील.