लखनौत अडलेलं पेट्रोल

17 सप्टेंबर 2021 रोजी जीएसटी परिषदेची 45वी बैठक लखनौला भरली. केरळ उच्च न्यायालयाच्या निर्देशामुळे पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणण्याचा विषय निघाला आणि ‘ही वेळ नव्हे’ म्हणून बाजूला पडला. कारण उघड आहे. पेट्रोलवर केंद्र उत्पादन शुल्क घेतं, राज्यं व्हॅट. आणि पगार, रस्ते, दवाखाने चालवायला राज्यांना स्वतः दर ठरवता येतील असे कर फार उरलेले नाहीत. प्राप्तिकर निदान कमाई पाहून लागतो. पेट्रोलवरचा हा अप्रत्यक्ष कर मात्र कोट्यधीशाला आणि डिलिव्हरीवाल्याला लिटरमागे सारखाच. मला ते खटकतं. लखनौच्या त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली, की अ‍ॅपवरून मागवलेल्या हॉटेलच्या जेवणाचा जीएसटी 1 जानेवारी 2022पासून अ‍ॅपकंपनीनं भरायचा. अशा जेवणावरचा 5 टक्के दर तोच राहिला, चुकवायला जागा कमी झाली.